पालथी होडी

शीळफाट्याला चहासाठी मॅटाडोर थांबली आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून जया खाली उतरली. उतरली ती सरळ पनवेलच्या रस्त्याने चालू लागली. पायांत चप्पल नव्हती. पदर एका बाजूने रस्त्यावर लोळत होता आणि ट्रक तिच्या अगदी जवळून जात होते.

गुणाजीने बशीतला चहा तसाच ठेवला आणि तो मुलीच्या मागे निघाला. त्याने हाक मारली नाही. हाक मारली की ती पळते, हे गेल्या काही महिन्यांत त्याला कळून चुकलं होतं. तो नुसता मागून चालत राहिला, जरा भरभर, आणि तिच्या बरोबरीला आल्यावर म्हणाला, "ऊन लय हाय गो बाय. गाडीनं जाऊ."

जया थांबली. त्याने तिचा लोळणारा पदर उचलून तिच्या खांद्यावर टाकला. ती मुकाट्याने वळली आणि त्याच्याबरोबर परत चालू लागली. ती कधीच विरोध करत नसे. रडणं, भांडणं, आदळआपट, काहीच नाही. तसं काही केलं असतं तर निदान समजूत तरी घालता आली असती.

मॅटाडोरजवळ तिचा नवरा सुधीर घाबराघुबरा उभा होता. "मामा, मी फक्त बिस्किटं आणायला गेलेलो. एक मिनिट."

"आसू दे, सुधीरराव," गुणाजी म्हणाला. "आता मी बसतो दाराकडं."

गुणाजी ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला. खाडीत चालणाऱ्या होड्या बांधणं हा त्याच्या घराचा धंदा. त्याच्या हातची होडी वीस वर्षं पाणी घेत नाही असं लोक म्हणत. पण खाडीचं पाणी काळं होत गेलं, मासळी हटली, पोरं कारखान्यांत लागली आणि नवी होडी बांधायला सांगणारं कुणी उरलं नाही. तो आता नव्या इमारतींची दारं-खिडक्या बसवायला जाई. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. एकुलती एक मुलगी कल्याणला चांगल्या घरात पडली होती, जावई डोंबिवलीच्या एमआयडीसीत कायम नोकरीला होता. पुष्कळ झालं, असं तो बायकोला, मंजुळाला, म्हणायचा.

लग्नानंतर चार वर्षांनी जयाला दिवस गेले. मुलगा झाला. आणि बाळंतपणानंतर पंधरवडाभरात ती बोलायची थांबली. आधी वाटलं थकली असेल. मग ती बाळाला पाजायला विसरू लागली. मग एकदा ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलात गुडघाभर रुतून उभी असलेली शेजाऱ्यांना सापडली. तेव्हा सुधीरने तिला चेंदणीला आणून सोडलं. "थोडे दिवस आईजवळ राहू दे," तो खाली मान घालून म्हणाला. बाळ मात्र कल्याणला आजीपाशी, ठमाबाईपाशीच राहिलं. त्याचं बारसंसुद्धा व्हायचं होतं. सगळे त्याला नुसतं बाळ म्हणत.

कोळीवाड्यातल्या डॉक्टरने गुणाजीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बाळंतपणानंतर काहींना होतं असं. इथल्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवा. उशीर करू नका."

मोठं हॉस्पिटल म्हणजे कुठलं, हे त्याला विचारावं लागलं नाही. अख्ख्या महाराष्ट्रात माणसं एकमेकांना 'तुला ठाण्याला पाठवायला पाहिजे' म्हणून हसतात. ठाण्यातच जन्मलेल्या गुणाजीने ती थट्टा आयुष्यभर ऐकली होती. कधी केलीही होती.

घरात थोरल्या बहिणीचा, मनुबाईचा शब्द चाले. नवरा गेल्यावर ठाण्याच्या बाजारात मासळी विकून तिने स्वतःचं आणि भावाचंही घर उभं ठेवलं होतं. ती म्हणाली, "पोरीनं एकवीरेला नवस केलेला. पोर झालं तर पायाशी आणून घालीन म्हणाली होती. आणलं का? आधी आईचा मान, मग तुझा डॉक्टर."

गुणाजीचाही आईवर विश्वास होता. कार्ल्याच्या डोंगरावरची ती एकवीरा त्याच्या कुळाची देवी. त्याने ठरवलं, रविवारी डोंगर करायचा, सोमवारी हॉस्पिटल.

पण नवस बाळाचा आणि बाळच आलं नव्हतं. "असल्या आईबरोबर मी पोर देणार नाय," असं ठमाबाईने सुधीरला सांगितलं होतं आणि सुधीर रिकाम्या हातांनी निघून आला होता. तेव्हा मनुबाईने तोड काढली. बाळाच्या जागी लाकडी पाळणा वाहायचा. गुणाजीने सागाच्या तुकड्यातून वीतभर पाळणा केला. दांडी, कठडे, सगळं नीट. मॅटाडोरमध्ये तो मंजुळाच्या मांडीवर लाल फडक्यात गुंडाळलेला होता.

मॅटाडोर कोळीवाड्यातल्याच तानाजीची. एरवी तिच्यातून बर्फ आणि मासळी जायची, म्हणून त्याने ती आदल्या दिवशी दोनदा धुतली होती. घाट चढताना त्याने भीतभीत विचारलं, "काका, जयाताईला मळमळत नाय ना? हळू घेऊ का?"

"घे तुझ्या बेतानं," गुणाजी म्हणाला. जया खिडकीला गाल टेकून बसली होती. मळमळतंय की नाही, हे तिच्याकडे बघून सांगता येत नव्हतं.

डोंगराच्या पायऱ्या जयाने कुठेही न थांबता चढल्या. मनुबाईला दम लागला, मंजुळाच्या पायात गोळे आले, पण जया एकसारखी चढत राहिली. गुणाजी तिच्या एक पायरी मागे. दोन्ही बाजूंना नारळ, हार आणि हिरव्या खणांची दुकानं होती. कुठल्याशा कोळीवाड्याची मंडळी ढोल वाजवत उतरत होती. त्यातली एक म्हातारी जयाकडे बघून थबकली, तिच्या कपाळाला गुलाल लावला आणि "सुखी ऱ्हा बाय" म्हणून पुढे गेली. मंजुळाच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं.

देवळात दाटी होती. मनुबाईने कोपरांनी वाट काढत जयाला पुढे नेलं. ओटी भरली, नारळ फुटला. पुजाऱ्याने पाळणा हातात घेऊन देवीच्या पायाला लावला आणि खाली ठेवला. मनुबाईने जयाचे खांदे धरले.

"बोल आता. काय चुकलं आसंल ते आईला सांग. जे हाय आंगात त्याला बोलू दे."

जया बोलली नाही.

"बोल गो. किती लांबून आलोय आपण."

जया खाली ठेवलेल्या पाळण्याकडे बघत होती. ती वाकली. तिने पाळण्यात बोट घातलं आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवलं. मग ती उठली आणि माणसांच्या गर्दीतून बाहेर पडली. मनुबाईच्या हातातून तिचा खांदा कधी सुटला, ते मनुबाईलाही कळलं नाही.

गुणाजी हात जोडून उभा होता. त्याने देवीकडे काही मागितलंसुद्धा नव्हतं. शब्द जुळवत होता तो, आणि जुळायच्या आत त्याला निघावं लागलं.

एकवीरेच्या देवळाला लागूनच लेणं आहे. बुद्धाच्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी डोंगराच्या पोटात कोरलेलं. गुणाजी लहानपणापासून या डोंगरावर येत होता, पण त्या मोठ्या दाराच्या आत कधी गेला नव्हता. कोळीवाड्यातली माणसं देवीला येत, बोकड-कोंबड्याचं बघत, जेवत आणि उतरत. लेणं म्हणजे शाळेच्या सहलीचं आणि गोऱ्या माणसांचं. लहानपणी एकदा त्याने आत डोकावलं होतं, तेव्हा बापाने ओढून बाहेर आणलं होतं, "तिकडं आपलं काय नाय" म्हणून.

दाराशी खाकी कपड्यांतला राखणदार बसला होता. "बाई आत गेली का?" गुणाजीने विचारलं. त्याने मानेनेच आत दाखवलं.

उन्हातून आत आल्यावर गुणाजीला आधी काही दिसेना. पायाखालचा दगड गार होता. बाहेरचा ढोल एकदम लांब गेल्यासारखा वाटला. हळूहळू दोन्ही बाजूंचे खांब दिसू लागले, एकापुढे एक, जाड, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर हत्ती आणि हत्तींवर माणसं. शेवटी दगडाचा मोठा गोल स्तूप. त्याच्या पायाशी पांढऱ्या कपड्यांतलं एक वयस्कर जोडपं डोळे मिटून बसलं होतं. आणि त्यांच्यापासून थोड्या अंतरावर, खांबाला पाठ लावून, जया.

तिची मान वर होती. गुणाजीनेही वर बघितलं.

वर लाकूड होतं. दगडाच्या त्या उंच छताला आतून लाकडी कमानी लावलेल्या होत्या, एकापाठोपाठ एक, दारापासून स्तूपापर्यंत. होडीच्या बरगड्या जशा असतात तशा. त्याने असं लाकूड आयुष्यभर वाकवलं होतं. पण अशा बरगड्या त्याने नेहमी वरून बघितल्या होत्या. खालून, आत उभं राहून, डोक्यावर आलेल्या कधी बघितल्या नव्हत्या.

तो जयाशेजारी खाली बसला. पुष्कळ वेळ दोघं वर बघत राहिली.

"बाबा," जया म्हणाली.

तिचा आवाज गुणाजीने गणपतीनंतर ऐकला नव्हता. हलायचीसुद्धा भीती वाटली त्याला.

"बाबा, ही पालथी कुणी घातली?"

"काय गो?"

"होडी."

काही चुकीचं बोललो तर ती परत गप्प होईल, असं त्याला वाटलं. "ज्यानं बांधली त्यानंच घातली आसंल," तो हळूच म्हणाला. "डागडुजीला घालतो ना आपण, तशी."

जयाने मान हलवली. तिला पटल्यासारखं दिसलं. लहानपणी ती किनाऱ्यावर, पालथ्या घातलेल्या होडीच्या सावलीत, भातुकली मांडून बसायची. तो वर, पाणी शिरू नये म्हणून, फटींत कापूस ठोकत असायचा आणि ती खालून त्याच्याशी बोलत असायची. ते तिला आठवत असेल का, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्याला उगाचच आशा वाटली.

"आतली माणसं?" जयाने विचारलं.

"ती उतरली आसतील आधीच. गेली आसतील घरी."

"सगळी नाय उतरली," जया म्हणाली. "बाळ ऱ्हायलं आत."

गुणाजीने परत वर बघितलं.

"मी हाका मारते त्याला. पाणी लय हाय, त्याला ऐकाया येत नाय." तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारातून आल्यावर भाजीचा भाव सांगावा तसा. "कुणी उचलतच नाय होडी."

"जया, बाळ घरी हाय. कल्याणला. तुझ्या सासूजवळ. चांगलं गुटगुटीत हाय."

जयाने त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. खोटं बोलणाऱ्या लहान मुलाकडे मोठी माणसं बघतात, तशी ती बघत होती. "सगळे आसंच सांगतात," ती म्हणाली. "ते दुसऱ्याचं हाय. माझं इथं हाय. मी बसते इथं."

मागून मंजुळा आणि सुधीर आले होते. त्यांनी शेवटचं ऐकलं असावं, कारण सुधीर तिथेच खांबाला धरून उभा राहिला. मनुबाई सगळ्यांच्या मागून आली आणि तिच्या कानावर नुसता जयाचा आवाज पडला. "बोलली. आईनं वाचा दिली," ती म्हणाली आणि तिथल्या तिथे देवळाच्या दिशेने हात जोडून रडू लागली. इतक्या वर्षांत गुणाजीने बहिणीला रडताना फारसं बघितलं नव्हतं. काय बोलली ते तिला सांगावं, असं त्याला वाटलं नाही.

दुपार सरत आली. तानाजी खालून वर येऊन दोनदा विचारून गेला, उजेडात घाट उतरायला हवा होता. सुधीरने विनवलं. मंजुळाने भाकरीचा तुकडा जयाच्या तोंडाशी धरला. जया हलेना. सुधीरने दंड धरून उठवायला बघितलं तेव्हा तिने दोन्ही हातांनी खांब कवटाळला, आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडातून एक बारीक, ओढलेला आवाज निघाला. वरच्या लाकडांतून तो घुमत गेला. सुधीरने हात सोडला.

"अजून माणसं घेऊन येऊ का?" राखणदाराने विचारलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच मदत करायची होती.

पांढऱ्या साडीतली ती वयस्कर बाई उठून जवळ आली. तिने काही विचारलं नाही. जयाच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली. थोड्या वेळाने गुणाजीला म्हणाली, "आम्ही कल्याणचेच आहोत. दर वर्षी येतो. तुमची मुलगी का?"

"व्हय."

"बसू द्या हवं तर अजून थोडं. आम्ही थांबतो तुमच्यासोबत."

"थांबून काय व्हायचं ताई," गुणाजी म्हणाला.

त्याने मुलीच्या बोटांकडे बघितलं. खांबावर ती पांढरी पडली होती. चार माणसांनी मिळून तिला पायऱ्यांवरून ओढत नेणं त्याच्या डोळ्यांपुढे आलं. ढोलवाल्यांच्या, दुकानदारांच्या, सगळ्यांच्या देखत. आणि मग त्याला जे सुचलं ते तो बोलून गेला.

"बाळ सापडलं गो."

जयाने मान वळवली.

"तानाजीनं काढलं. खाली गाडीत हाय."

मंजुळाने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि भाकरी परत फडक्यात बांधली. जयाची बोटं सुटली. ती उठली, पदर सारखा केला, विस्कटलेले केस हातांनी मागे घेतले. "भिजलंय का?" तिने विचारलं.

"नाय. कोरडं हाय."

ती निघाली. दाराबाहेर उन्हात तिने आपण होऊन बापाचा हात धरला आणि ती पायऱ्या उतरू लागली. चढताना तिचा चेहरा जसा होता तसा आता नव्हता. ती बोलत होती. बाळाला भूक लागली असेल. टोपरं आणलंय का. एवढी माणसं बघून ते घाबरलं असेल. दुकानदार तिच्याकडे बघून हसत होते, आणि तीही हसत होती. एका दुकानापाशी ती थांबली आणि खुळखुळा बघू लागली. गुणाजीने तो घेतला. न घेऊन कसं चाललं असतं?

तो प्रत्येक पायरीला हळू होत होता आणि ती त्याला ओढत होती. "चला ना बाबा, तुम्ही लय हळू चालता." खाली मॅटाडोर दिसू लागली तेव्हा त्याच्या मनात आलं की हा डोंगर आणखी उंच असता तर बरं झालं असतं.

मॅटाडोरचं दार उघडं होतं. जया आत चढली. तिने सीटवर बघितलं, सीटच्या खाली बघितलं. मंजुळाची पिशवी उघडून बघितली, भाकरीचं फडकं सोडून बघितलं. मग ती खिडकीशी बसली. खुळखुळा तिने बाजूच्या सीटवर ठेवला. ती ओरडली नाही. गुणाजी तिच्या समोर बसला होता, पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. घाट उतरला, पनवेल गेलं, तरी तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

शीळफाट्याला सुधीर एकाएकी तानाजीला म्हणाला, "कल्याणच्या रस्त्यानं घे." आणि सासऱ्याकडे वळून, "मामा, आईला काय म्हणायचं ते म्हणू दे. बाळ दाखवू या जयाला."

रात्रीच्या जेवणवेळेला ते सुधीरच्या घरी पोचले. ठमाबाईने दार उघडलं. सुनेला बघून ती आधी कडक झाली, पण मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिने स्वतःच आत जाऊन झोपलेलं बाळ उचलून आणलं आणि जयाच्या हातात दिलं. बाळ जागं झालं. जयाने त्याला नीट धरलं, मानेखाली हात देऊन, जसं धरायला हवं तसं. त्याचं कपाळ बघितलं, कान बघितले.

"छान हाय," ती म्हणाली, आणि बाळ ठमाबाईला परत दिलं. "कुणाचं हाय?"

ठमाबाई तोंडाला पदर लावून आत गेली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

सोमवारी सकाळी गुणाजी आणि मंजुळा जयाला हॉस्पिटलात घेऊन गेले. सुधीर कल्याणहून परस्पर आला. आवार मोठं होतं, जुनी झाडं होती. डॉक्टर तरुण होता, घाईत होता, पण त्याने सगळं ऐकून घेतलं. "ठेवावं लागेल," तो म्हणाला. "बऱ्या होतात अशा बायका. किती दिवस लागतील ते आज नाही सांगता येणार."

"बाळाला आणलं तर?" सुधीरने विचारलं.

"आत्ता नको. आम्ही सांगू तेव्हा."

बायकांच्या वॉर्डाच्या दारात नर्सने त्यांना थांबवलं. "मंगळसूत्र काढून घ्या. बांगड्यापण. आत काच चालत नाही." जया उभीच राहिली, तेव्हा नर्स म्हणाली, "निघत नसतील तर फोडून देते, एका मिनिटाचं काम आहे."

"फोडायच्या नाय," मंजुळा म्हणाली. दोन दिवसांत ती एवढ्या मोठ्याने बोलली नव्हती. "सवाष्ण हाय माझी पोर. नवरा उभा हाय तिचा हितं."

नर्सने सुधीरकडे बघितलं, मग भिंतीकडच्या नळाकडे बोट दाखवलं. "साबण आहे तिथं. करा सावकाश."

मंजुळाने मंगळसूत्र काढून सुधीरच्या हातात दिलं, मग जयाचा उजवा हात नळाखाली धरला आणि साबण लावला. हिरव्या बांगड्या डोहाळजेवणाला भरलेल्या होत्या, तेव्हा हात भरलेला होता. आता मनगटावर त्या सैल होत्या, पण अंगठ्याच्या हाडापाशी अडत होत्या. पहिली निघाली. दुसरी अडली आणि मंजुळा तिथेच भिंतीला टेकून रडू लागली.

गुणाजी पुढे झाला. त्याने मुलीचा हात हातात घेतला. डोंगरावरून उतरल्यापासून तो तिला शिवला नव्हता. त्याने तिची बोटं एकत्र जुळवली, अंगठा आत दाबला आणि एकेक बांगडी फिरवत फिरवत बाहेर काढली. एकही फुटली नाही. काढलेली बांगडी तो मंजुळाच्या पदरात ठेवत होता. त्याने मान वर केली नाही.

उजवा हात मोकळा झाला. जयाने डावा हात आपण होऊन पुढे केला.

तोही झाला. नर्सने दार उघडलं आणि "चला बाई" म्हणाली. गुणाजीने जयाचा हात अजून सोडला नव्हता. त्याने तो जरा घट्ट धरायला बघितला, पण हाताला साबण होता.